दहा हजार फुटांखाली

आमच्या घरमालकांशी दहा हजार फुटांच्या खाली कुणी बोलत नसे. घर उचगावात, दुमजली. खाली भाडेकरू म्हणून मी, वर ते आणि काकू. गच्चीवर टाचा उंचावून उभं राहिलं तरी शेजारच्या नारळाच्या झावळीला हात लागायचा नाही, एवढीच त्या घराची उंची. पण नियम होता आणि तो सगळे पाळायचे. दूधवाला पाळायचा, गॅसवाला पाळायचा, आणि काकू तर पाळायच्याच.

मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायच्या कामावर होते. आठवडाभर तो खणखणाट ऐकून रविवारी जरा लोळत पडावं म्हटलं, तर डोक्यावरच विमानाची इंजिनं सुरू झाली. विमानतळ जवळ आहे, तेव्हा बाहेरचंच असेल म्हणून उशी कानावर घेतली. पण आवाज जाईना. तो छतातूनच येत होता. माझं डोकं फिरलं. तशीच तरातरा जिना चढले.

वर एक लांबट खोली. समोर तीन मोठे स्क्रीन, त्यांत कोल्हापूरची धावपट्टी. भंगारातल्या व्हॅनच्या चार सीटा, दोन पुढं, दोन मागं, पट्ट्यांसकट. भिंतीवर शाळेतला असतो तसला जिल्ह्याचा नकाशा. पुढच्या डाव्या सीटवर आमचे घरमालक, पाठ ताठ, दोन्ही हात विमान वळवायच्या स्टिअरिंगसारख्या चाकावर. मी तोंड उघडलं तर त्यांनी वळून न बघता नुसता एक तळहात वर केला. आयुष्यभर वर्ग गप्प केलेला तळहात होता तो. मी गप्पच झाले.

काकू मागच्या सीटवर पट्टा लावून मेथी निवडत बसलेल्या. माझा हात ओढून खाली बसवत म्हणाल्या, "बस गं. दहा हजार हुदे."

बसले. विमान उठलं, वळलं, ढगात शिरलं, ढगाबाहेर आलं. मग त्यांनी डोक्यावरचे दोन खटके खाली केले, बाहेरचे दिवे बंद केले, पट्टा सैल करून वळले आणि म्हणाले, "हां पावणं, बोला आता."

मला काय बोलायचं होतं तेच आठवेना. म्हटलं, "काही नाही, आवाज जरा…"

"बघा," ते काकूंना म्हणाले, "निम्म्याच्या वर भांडणं सहा हजारालाच मरत्यात. दहा हजाराला जे शिल्लक राहतंय तेवढंच खरं."

पुढच्या रविवारपासून इंजिनाचा आवाज कमी झाला आणि मीही आपली वर जाऊन बसायला लागले. का, ते माझं मला सांगता येणार नाही. मला विमानाचं काडीचं वेड नव्हतं. पण त्या खोलीत कुणी आपल्याला काही विचारत नाही, हेच मला बरं वाटत असावं. लग्न कधी करणार, पगार किती, आईवडिलांना सोडून इथं एकटी का राहतेस, असलं सगळं दहा हजारांच्या वर. आणि तिथवर पोचल्यावर कुणाला ते विचारायची इच्छा उरत नसे.

त्यांना सगळे सर म्हणायचे. हायस्कुलात भूगोल शिकवलेला. मूळ गाव कोडोली, घरची शेती, ती धाकटा भाऊ बघायचा. सर स्वतः खऱ्या विमानात कधीच बसले नव्हते. मी एकदा विचारलं, "सर, एवढं जवळ विमानतळ आहे, जाऊन या की एकदा." तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना सर्कशीत जायला सांगितलंय. "मागं बसून काय करू? दुसऱ्याच्या हातात सगळं, आणि आपण काय, शेंगदाणं खायचं?"

दहा हजारांचा नियम खऱ्या वैमानिकांचाच, तेवढ्या उंचीखाली कामाशिवाय बोलायचं नाही; सरांनी तो घरी आणला. त्यांची दुसरी खोड म्हणजे परत म्हणायला लावणं. वैमानिकाला खालून सूचना आली की ती तशीच्या तशी परत म्हणून दाखवायची असते, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. सरांनी ती रीत अख्ख्या उचगावला लावली. भाजीवालीला म्हणणार, "अर्धा किलो दोडका." ती तराजू उचलायला लागली की, "म्हणून दाखवा." ती बिचारी, "अर्धा किलो दोडका." "बरोबर." मग पिशवी पुढं. न्हाव्यालासुद्धा सोडलं नाही. काकूंनी "गॅस बंद केला" म्हटलं की हे बाहेरच्या खोलीतून, "गॅस बंद केला. बरोबर?" आणि काकू आतून वैतागून, "बरोबर ओ, बरोबर!" लोक हसायचे. पण त्या घरात ऐकलं नाही, विसरलो, मला वाटलं तू म्हणालीस, असली भांडणं मी कधी ऐकली नाहीत.

यथावकाश मला बढती मिळाली आणि मी उजव्या सीटवर आले. कोपायलट. तिथं बसून मी जे शिकले त्यातलं एकच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

विमान उडायच्या आधी त्यातल्या संगणकाला सगळी वाट सांगून ठेवायची असते. इथं वळायचं, इथं एवढी उंची, इथं एवढाच वेग. चाकं जमिनीवरून उठली, जमीन जरा खाली गेली, की व्हीनॅव्ह नावाचं एक बटण दाबायचं. मग चढायचं काम यंत्राचं. आखलेल्या वाटेनं, आखलेल्या वेगानं ते आपलं आपण चढत राहतं. मात्र त्याच बटणांच्या फळीवर एक छोटी खिडकी असते, आकड्यांची. तिच्यात माणसानं हातानं उंची लावायची. यंत्राच्या पोटात तीस हजार लिहिलेले असोत नाहीतर चाळीस, खिडकीत सहा हजार असतील तर विमान सहा हजाराला जाऊन सरळ होतं. पुढं जात राहतं, वर जात नाही. सरांची शिस्त अशी, की सुरुवातीला खिडकीत सहाच हजार ठेवायचे आणि पहिलं वळण पुरं झालं की वरचा आकडा लावायचा. लावायचं काम माझं.

एका रविवारी मी विसरले. विमान सहा हजाराला सरळ झालं. मी आपली बाहेरचे ढग बघत. बऱ्याच वेळानं सरांनी विचारलं, "का थांबलं?"

"संगणक बिघडला वाटतं."

"संगणकाला काय धाड भरलीय! खिडकी बघ." मी बघितली आणि जीभ चावली. ते म्हणाले, "त्याला वाट ठाऊक हाय सगळी. वर जा म्हणून माणसानं सांगायला पायजे. न्हाय सांगितलं तर ते बिचारं तसंच जाईल जलमभर."

एवढी शिस्तीची माणसं मला आवडतात. पण मागच्या दोन सीटांवर सरांच्या गावचं, म्हणजे कोडोलीचं, कधी कुणी बसलेलं मी बघितलं नव्हतं. गाव तासाभराच्या आत. विमान उजवीकडं वळलं की आधी पन्हाळा आणि मागोमाग कोडोली खालून जायची. हिरवा चौकोन आणि चार पांढरी घरं, त्या संगणकाला तेवढीच कोडोली ठाऊक. सर दर वेळी तिकडं बघायचे. तेवढंच.

काकूंनी मला ते गच्चीवर सांगितलं, सांडगे घालताना.

"सासूबाई भावजींकडं असायच्या, कोडोलीला. एक दिवस आप्पांचा फोन आला. आप्पा म्हंजे आमचं भावजी. म्हणालं, आईचं काय खरं न्हाय, दादाला आत्ताच्या आत्ता लावून द्या. मी फोन घिऊन त्या खोलीत गेले. तर ह्यांचं विमान नुकतंच उठलेलं."

"मग?"

"मग काय. थांबले."

मी हातातला गोळा तसाच धरून त्यांच्याकडं बघत राहिले. "काकू, अहो खोटं विमान ते!"

"आता कळतंय की. तवा पाय दारातच थांबलं. सवय, दुसरं काय. ह्यांनी हात वर केला आणि मी उभी राहिले, फोन छातीशी धरून. दहा हजार झालं, दिवं बंद केलं, वळलं, मग सांगितलं. तसंच उठलं, तसंच गेलो. आम्ही दारात पोचलो तर रडारड चालू. आप्पा उंबऱ्यात उभं. म्हणालं, शेवटपर्यंत तुझंच नाव घेत हुती. दादा कुठं हाय, दादा कुठं हाय. आणि मग म्हणालं, उतरलं का इमान तुझं?"

त्यानंतर दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. दिवसकार्याला नाही, पुतण्याच्या लग्नात नाही.

मला सरांचा असा राग आला की काय सांगू. म्हटलं, "आणि एवढं झाल्यावर अजून तो नियम चालू आहे? लाज कशी वाटत नाही?"

काकूंनी सांडग्यावरची माशी हाकलली. "नियम सोडला, तर त्या दिवशी पण सोडता आला असता, असं हुतंय न्हवं? म्हणून सोडवत न्हाय त्यास्नी."

त्या दिवसापासून मला सरांच्या पाठीकडं पूर्वीसारखं बघता येईना. ती ताठ पाठ मला आधी शिस्तीची वाटायची.

आप्पा आले तो रविवारच होता. मी जिन्यावर पाय ठेवणार तोच फाटकाशी गाडी थांबली. गाडी चालवणारा त्यांचा मुलगा आतच बसून राहिला आणि एक उंच, वाळलेले गृहस्थ उतरले. डोक्याला पांढरी टोपी, गळ्याला मफलर, उन्हाचे दिवस असून. नाक सरांचं. ओळखायला वेळ लागला नाही. काकू बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

"वैनी," ते म्हणाले. आवाज असा, की खरवडणीनं कढई घासावी. "घशाचं निघालंय. तंबाकू. येत्या आठवड्यात कापणार हाईत. आवाजाची पेटीच काढणार. परत बोलता यायचं न्हाय म्हणालेत डाक्टर." जरा दम घेतला. "दादाशी बोलायचं हाय. आवाज हाय तवर."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि वर बोट केलं.

मी त्यांच्या पुढं जिना चढले, ते मागून एकेक पायरी. दारात त्यांनी चपला काढल्या. सर सीटवर बसलेले, इंजिनं चालू, विमान धावपट्टीच्या टोकाला उभं. अजून सुटलेलं नव्हतं. चाहूल लागून सरांनी मान वळवली. भावाला बघितलं. मफलर बघितला. गावाकडचं कुणीतरी त्यांना आधीच सांगून गेलं असणार, कारण त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. भीती होती. शाळेतल्या मुलाची असते तशी, चक्क भीती.

मला वाटलं, आता उठतील. साधं विमान थांबवायचं होतं, ब्रेक तर लावलेलाच होता.

त्यांनी तोंड पुन्हा स्क्रीनकडं वळवलं आणि तळहात वर केला.

मी खरंच सांगते, त्या क्षणी मला ती सगळी यंत्रं उचलून गच्चीवरून खाली फेकावीशी वाटली. पण आप्पा आत आले. मागच्या सीटवर बसले, चाचपडत पट्टा शोधला, लावला आणि टोपी नीट करून समोर बघायला लागले. मग मीही माझ्या जागेवर जाऊन बसले.

विमान उठलं. सरांनी बटण दाबलं. मी वाचून दाखवलं, "व्हीनॅव्ह." वळण आलं. पन्हाळा गेला. कोडोलीचा हिरवा चौकोन आला, तसे मागून आप्पा जरा पुढं झुकले आणि तेवढ्यानं त्यांना खोकला आला. तो दाबायचा प्रयत्न करत ते कितीतरी वेळ खोकत होते, मफलर तोंडात कोंबून. नियम मोडू नये म्हणून. कोडोली मागं पडली.

सहा हजाराला विमान सरळ झालं. मी खिडकीकडं हात नेला तर सरांनी मनगट धरलं.

मी म्हटलं, "सर, खिडकीत सहा हजार आहेत."

"दिसतंय मला."

त्यांनी मनगट सोडलं, पण मी हात मागं घेतला. विमान चाललं सरळ. खाली शेतं, नदीचं वळण, पुन्हा शेतं. यंत्राच्या पोटात पुढची सगळी वाट होती आणि ते वर जात नव्हतं. सरांची नजर त्या सहाच्या आकड्यावर. मला तेव्हा कळलं की हा माणूस नुसतं विमान अडवून बसलेला नाही. दहा हजार झाले की भाऊ बोलणार, आणि बोलून झालं की तो आवाज संपणार. आणि तो काय बोलणार, तेही त्यांना वाटत होतं की ठाऊक आहे. ते पुन्हा ऐकायची त्यांची छाती नव्हती.

दारात काकू चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. चहासुद्धा दहा हजारांच्या वरच मिळायचा. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक. कपांवर साय धरली होती. मग त्या आत आल्या, ट्रे जमिनीवर ठेवला आणि पहिल्यांदाच त्या खोलीत मोठ्यानं बोलल्या.

"एकदा थांबले हितं, फोन घिऊन. आता न्हाय थांबणार. आप्पा, तुम्ही बोला. ह्यांचं विमान गेलं खड्ड्यात."

आप्पांनी मान हलवली. घशातून कसाबसा आवाज काढला, "हुदे की वैनी दहा हजार. दादाचा नियम हाय."

ते ऐकलं आणि सरांचे खांदे उतरले. त्यांनी चाकावरचे हात काढले. पट्टा सोडला. दहा हजारांच्या आत पट्टा सोडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. सीट धरून उठले, दोन सीटांच्या मधून वाकून मागं गेले आणि आप्पांच्या शेजारच्या सीटवर बसले.

"बोल आप्पा."

"इमान?"

"जातंय ते आपलं आपण. तू बोल."

मी समोर बघत बसले. उठून जायला हवं होतं, पण उठणार कशी, पुढं एकटी मीच उरले होते.

"दादा," आप्पा म्हणाले, "आई तुझं नाव घेत न्हवती. सकाळी च्या दिला, प्याली, कुशीवर झाली आणि झोपेतच गेली. मी फोन केला तवा ती गेलती. खरं सांगितलं तर वाटंत गाडी बेतानं चालवायचा न्हाईस म्हणून नुसतं काय खरं न्हाय म्हटलं. आणि मग तू उशिरा आलास, वैनी रडत सांगाय लागली इमान इमान, तसं माझं टाळकं फिरलं. तोंडाला ईल ते बोललो. तुझंच नाव घेत हुती म्हणून. न्हवती घेत. कुणाचंच न्हाय." त्यांनी मफलर जरा सैल केला. "पोरगं म्हणालं, चिठ्ठी लिवा. म्हटलं न्हाय. ज्या तोंडानं खोटं बोललो त्याच तोंडानं फेडायचं. ते हाय तवर."



मग सर म्हणाले, अगदी त्यांच्या त्या कोरड्या, सूचना परत म्हणायच्या आवाजात, "आई झोपेत गेली. तू फोन केलास तवा ती गेलती. माझं नाव घेत न्हवती." शेवटच्या वाक्याला आवाज फाटला. "बरोबर?"

"बरोबर."

"परत सांग."

आप्पांनी परत सांगितलं. त्या घशानं. सरांनी परत म्हणून दाखवलं. बरोबर? बरोबर. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. मग सरांनी भावाच्या मांडीवर एक जोराची थाप मारली, "गाढवा," म्हणाले, "अरं गाढवा," आणि रडायला लागले. घसा मोकळा सोडून. काकू जमिनीवर ट्रेजवळ बसल्या होत्या, त्याही. माझ्या समोरचा स्क्रीन मला दिसेनासा झाला होता, तेव्हा माझं काय चाललं होतं ते मी सांगत नाही.

बऱ्याच वेळानं मागून हाक आली. "कोपायलट."

"सर."

"खिडकीत किती?"

"सहा हजार."

"वर घे."

मी आकडा फिरवला, बटण दाबलं, आणि विमानानं नाक उचललं.

आप्पांचं ऑपरेशन झालं. आवाज गेला, माणूस राहिला. गळ्याला छोटं भोक, त्यावर पांढरी जाळी, वर मफलर. बरं वाटायला लागल्यावर दर रविवारी मुलगा त्यांना आणून सोडायचा. मी ते घर सोडून पुण्याला येईपर्यंत त्यांचा एकही रविवार चुकला नाही.

नियम मोडला होता. काकू वाटेल तेव्हा चहा आणायच्या. आणि सर, ज्यांनी अख्ख्या उचगावला गप्प बसवलं ते सर, इंजिन सुरू झाल्यापासून तोंडाचा पट्टा सोडायचे. आईनं केलेले मासवड्यांचे प्रकार, पोहायला शिकताना आप्पाला विहिरीत ढकलला तो दिवस, कोडोलीच्या शाळेतले मास्तर, कुणाचं कुणाशी भांडण. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं. मी मधे "व्हीनॅव्ह" म्हणायची तेही त्यांना ऐकू जायचं नाही. दहा हजाराला दिवे बंद करायचे, मागं वळायचे आणि म्हणायचे, "हां, आता तू."

आप्पा ओठ हलवायचे. सावकाश, एकेक शब्द. सर त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघायचे आणि ते वाक्य मोठ्यानं म्हणून दाखवायचे, आप्पांच्याच ठसक्यात. बरोबर? चुकलं असेल तर आप्पा मान हलवून पुन्हा सांगायचे. बरोबर असेल तर सीटच्या हातावर थाप. थाप आल्याशिवाय सर पुढं जायचे नाहीत.

माझ्या शेवटच्या रविवारी सर असेच धावपट्टीपासून बोलत सुटलेले. पन्हाळा गेला, कोडोली गेली, दहा हजार झाले. सर वळले. आप्पांचे ओठ हलले. सरांनी बघितलं, मग घसा साफ करून म्हणाले,

"दादा, तू लई बोलतोस. बरोबर?"

आप्पांनी सीटवर इतक्या जोरात थाप मारली की काकू स्वयंपाकघरातून पळत आल्या.